वाहनाची शीतन यंत्रणा : परीक्षा व शुद्धी

आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका वाटेत तापून उभी राहिली, की दोष उन्हाळ्याला दिला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा रेडिएटरमधील अशुद्ध पाण्याचा असतो. इंधनाच्या उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश भाग शीतक द्रव, म्हणजेच कूलंट, वाहून नेतो. कूपनलिकेचे जड पाणी वारंवार भरल्यास नळ्यांत क्षारांचे थर साचतात व हे कार्य मंदावते.

परीक्षेसाठी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. तापलेला द्रव दाबामुळे उसळून गंभीर भाजण्याचा धोका असतो. गढूळ तांबूस द्रव गंज दर्शवितो. तेलाचा तवंग वा दुधाळ साका आढळल्यास हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर निकामी झाल्याचा संभव असतो. अशा वेळी वाहन न चालविता प्रथम दुरुस्ती करावी. मूळ दोष कायम असता केलेली धुलाई व्यर्थ होय.

शुद्धीसाठी खालचे बूच काढून द्रव भांड्यात घ्यावा. बूच बसवून स्वच्छ पाणी भरावे. हीटर असल्यास तो पूर्ण उघडा ठेवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे. ते थंड झाल्यावर पाणी सोडावे. निर्मळ पाणी येईपर्यंत ही कृती पुनःपुन्हा करावी. शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट व डिस्टिल्ड वॉटर भरावे.

काढलेला द्रव उघड्यावर ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, परंतु जनावरांना प्राणघातक असते.

चालकाने दर आठवड्यास द्रवाची पातळी व रंग नोंदवहीत लिहावा. या अल्प श्रमाने रुग्णाचा मोलाचा वेळ वाचू शकेल.