शस्त्र परवान्यामागचं राजकारण : कायदा सगळ्यांना, मग सूट कुणाला?

आसामच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२५ रोजी एक निर्णय घेतला. 'असुरक्षित आणि दुर्गम' भागांत राहणाऱ्या मूलनिवासी लोकांना शस्त्र परवाने देताना सरकार उदार धोरण ठेवणार. मुख्यमंत्री हिमंता बिस्वा सरमा यांनी असे भाग सांगताना धुबरी, बारपेटा, मोरीगाव, नगाव, गोलपारा, दक्षिण सालमारा-मानकाचर अशी नावं घेतली. हे सगळे मुस्लिमबहुल जिल्हे आहेत. निर्णयात 'मुस्लिम' हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची गरजही नव्हती. 'मूलनिवासी' म्हटलं की कोण आत आणि कोण बाहेर, हे तिथल्या लहान पोरालाही कळतं.

आता प्रश्न असा की देशात शस्त्र कायदा एकच आहे, १९५९ चा. मग एकाच गावातल्या एका शेजाऱ्याला परवाना सोपा आणि दुसऱ्याला अवघड, हे होतं कसं? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

१८५७ च्या उठावात हिंदू आणि मुसलमान शिपायांनी एकत्र बंदुका उगारल्या, त्याची धडकी इंग्रजांनी पुढे कित्येक वर्षं घेतली होती. उठाव चिरडल्यावर लोकांची हत्यारं काढून घेण्याचं काम सुरू झालं. मग १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. त्याच वर्षी याच लिटनने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही आणला, हे विसरता कामा नये. लेखणी आणि बंदूक, दोन्हींची भीती एकाच वेळी वाटत होती. पत्रांवरचा कायदा चार वर्षांच्या आत गेला, शस्त्रांचा मात्र स्वातंत्र्यानंतरही पंधरा वर्षं टिकला.

कारण सांगितलं गेलं शांतता-सुव्यवस्थेचं. पण खरी गोम सवलतींच्या यादीत होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन लोकांना परवान्याची गरज नाही, हिंदी माणसाला मात्र आहे. शांतता बिघडते ती बंदुकीमुळे की बंदूक धरणाऱ्याच्या कातडीच्या रंगामुळे, असा साधा सवाल त्यातून उभा राहिला.

हा सवाल काँग्रेसच्या व्यासपीठावरून मांडला गेला १८८७ साली, मद्रासच्या अधिवेशनात. अध्यक्ष होते आपल्या मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी. त्या अधिवेशनाने ठराव केला की हा कायदा लोकांना जाच करणारा आहे आणि त्यांच्या निष्ठेवर विनाकारण डाग लावणारा आहे, तो बदला. तरुण बिपिनचंद्र पाल तिथे या भेदभावाविरुद्ध जोरात बोलले. मागणी बंदुकांचा बाजार मांडण्याची नव्हती. नियम असू द्या, पण सगळ्यांना सारखे असू द्या, एवढंच म्हणणं होतं.

सूट इनाम म्हणूनही दिली जायची. कूर्ग म्हणजे आजचा कोडगू जिल्हा. तिथल्या कोडव समाजाला इंग्रजांनी परवान्यातून मोकळं ठेवलं, कारण ते सरकारशी एकनिष्ठ मानले गेले. गंमत म्हणजे ही सूट आजही चालू आहे. केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. कोडवांच्या परंपरेबद्दल आदर आहेच, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण जमात पाहून दिलेली सवलत राज्य बदललं तरी किती घट्ट चिकटून राहते, त्याचा हा नमुना आहे.

हे फक्त हिंदुस्थानातच घडलं असं नाही. अमेरिकेत १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यावर बंदी आणली. तोवर ते चालत होतं. मग ब्लॅक पँथर संघटनेचे काळे तरुण बंदुका घेऊन पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवू लागले, आणि कायदा झटक्यात मंजूर झाला. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, आणि एरवी बंदुकीच्या हक्कासाठी भांडणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशननेही त्याला पाठिंबा दिला होता.

आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसने नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी तशी दुरुस्तीही सुचवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. कुणीही बाजारात जाऊन हत्यार आणू लागला तर राज्य चालणार कसं, असा त्यांचा मुद्दा होता, आणि तो बरोबरच होता. मात्र त्यामुळे शस्त्र हा हक्क न राहता सरकारी मर्जीचा विषय झाला. मर्जी आली की राजकारण आलंच.

२०१९ ची दुरुस्ती पाहा. एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक, असा मूळ प्रस्ताव होता. पंजाब-राजस्थानसारख्या राज्यांतून आणि परवानाधारकांकडून ओरड झाली, आणि संसदेत मंजूर होताना एकाच्या दोन झाल्या. ज्यांचा आवाज दिल्लीत पोहोचतो, त्यांच्यासाठी आकडा बदलतो.

महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या कुटुंबांचा बंदुकीशी संबंध तसा कमीच. कोकणात रानडुकरांपासून शेती राखायला कुणाकडे जुनी बंदूक असते, ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तेवढंच. आपला खरा संबंध येतो तो सुऱ्या-तलवारींशी. पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर तो सुरा शस्त्रांच्या यादीत येतो, पण घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. म्हणजे खाटकाचा सुरा हा धंद्याचा सुरा आहे. तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा सुरे आणि लाठ्या-काठ्या घेऊन बाहेर फिरण्यावरही बंदी येते. सणासुदीला हा आदेश निघतोच. म्हणून बकरी ईदला सुरे धार लावून आणताना ते उघडे हातात घेऊन चालू नका, गुंडाळून पिशवीत ठेवा आणि सरळ घरी या. मनाई आदेश असताना मिरवणुकीत कुणाच्या तलवारीवर गुन्हा दाखल होतो आणि कुणाला समज देऊन सोडतात, हे आदेशात लिहिलेलं नसतं. ते बघायला मिळतं रस्त्यावर.

कायद्यात एक जागा मात्र सामान्य माणसाच्या बाजूची आहे. कलम १४ म्हणतं की केवळ मालमत्ता पुरेशी नाही म्हणून परवाना नाकारता येत नाही. नाकारलाच, तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचं आणि मागितल्यास ते थोडक्यात द्यायचं. सार्वजनिक हिताचं कारण सांगून तो ते रोखू शकतो, पण कलम १८ खाली अपील करता येतं. बहुतेक लोक तोंडी 'नाही' ऐकून घरी परततात, त्यामुळे कुणाला किती वेळा आणि का नाकारलं, हे कागदावर येतच नाही. शेतीसाठी असो की संरक्षणासाठी, अर्ज करणाऱ्याने पोच घ्यावी आणि नकार आला तर त्याचं कारण लेखी मागावं.