सांताक्रूझच्या पावसाचे बल

पावसाळ्यात सांताक्रूझ वेधशाळेचा आकडा जाहीर झाला की पाणी कोठे तुंबले याचीच चर्चा होते. परंतु तेच पाणी ढगातून छपरावर कसे उतरते, हा प्रश्न न्यूटनच्या गतिनियमांच्या आकलनाची खरी कसोटी पाहतो.

दोन किलोमीटर उंचीवरून सुटलेल्या थेंबावर केवळ गुरुत्वाकर्षण कार्य करते असे मानले, तर जमिनीपाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरांहून अधिक निघतो. येथे आकडेमोड चुकलेली नसते, चुकलेली असते ती बलांची यादी. कारण वेगाबरोबर हवेचा रोध वाढत जाऊन लवकरच थेंबाच्या वजनाइतका होतो, निष्पन्न बल, म्हणजे सर्व बलांची दिशेसह बेरीज, शून्य होते आणि पहिल्या नियमानुसार थेंब एकाच वेगाने खाली येत राहतो. हा त्याचा अंत्य वेग. दोन मिलिमीटर व्यासाच्या थेंबासाठी तो सेकंदाला साधारण साडेसहा मीटर, तर पाच मिलिमीटरच्या थेंबासाठी नऊ मीटर असतो. गती टिकवायला बल लागते, ही जुनी समजूत असा प्रत्येक थेंब खोडून काढतो.

थेंबांचे आकार मोजण्याची एक विलक्षण सोपी रीत व्हरमाँटमधील शेतकरी विल्सन बेंटली याने १९०४ मध्ये प्रसिद्ध केली: चाळलेल्या पिठाचे ताट क्षणभर पावसात धरायचे आणि थेंबागणिक बनलेल्या गोळ्या मोजायच्या. हिमकणांच्या छायाचित्रांसाठी गाजलेल्या बेंटलीचे हे काम मात्र फारसे आठवले जात नाही, वास्तविक ते तितक्याच मोलाचे आहे.

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ किलो पाणी. दुसऱ्या नियमानुसार बल म्हणजे संवेग, अर्थात वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, बदलण्याचा दर. थेंबांचा वेग सेकंदाला आठ मीटर धरून ९४४ ला ८ ने गुणले आणि दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले, तर छपराच्या चौरस मीटरवरील सरासरी मारा ०.०९ न्यूटनच्या आत, म्हणजे अवघ्या नऊ ग्रॅमच्या वजनाइतका येतो. ऐन जोरात तो दसपट झाला, तरी शंभर ग्रॅमही भरत नाही.

तेच पाणी गच्चीवर साचून राहिले, तर मात्र प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ एक टन भार पेलावा लागेल. छपराला धोका पडणाऱ्या पावसाचा नसून अडलेल्या पाण्याचा आहे, हे बलांची यादी नीट मांडली की आपोआप उमगते, आणि पावसाळ्यापूर्वी गच्चीची पन्हळे साफ करण्यामागचे शास्त्रही हेच आहे.