जॅक लावून उचललेले शहर

घाटात ट्रकचे चाक पंक्चर झालेले तुम्ही पाहिले असेल. क्लीनर खाली उतरतो, धुरेखाली जॅक सरकवतो आणि लोखंडी दांडा फिरवू लागतो. मालाने भरलेला तो अवाढव्य ट्रक बोटबोटभर वर येतो. एक सडपातळ मुलगा आणि कित्येक टनांचा ट्रक! लहानपणी मला ही जादू वाटे. पुढे भौतिकशास्त्र शिकवू लागल्यावर जादू गेली, पण गंमत काही कमी झाली नाही.

अशाच जॅकांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी लोकांनी आपले अख्खे शहर उचलले. त्या शहराचे नाव गॅल्व्हस्टन.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या आखाताला लागून वाळूचे एक लांबट, अरुंद बेट आहे. त्यावर हे शहर वसले आहे. पुढे समुद्र, मागे खाडी. १९०० साली येथे सुमारे ३८,००० लोक राहत. बंदर मोठे, कापसाचा व्यापार जोरात, श्रीमंतांचे वाडे एकाला लागून एक. पण शहरातली सर्वांत उंच जागासुद्धा समुद्रसपाटीपासून जेमतेम ९ फूट!

धोका कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. त्याच किनाऱ्यावरचे इंडियानोला नावाचे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन चक्रीवादळांनी पुसून टाकले होते. गॅल्व्हस्टनला भिंत बांधावी अशी चर्चा तेव्हा झाली आणि विरली. १८९१ साली तेथील हवामानखात्याचे अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून भिंतीची गरज नाही असे मत दिले. त्यांचा एक मुद्दा असा होता की, येथला समुद्र दूरवर उथळ आहे, त्यामुळे मोठ्या लाटा किनाऱ्याला पोचण्याआधीच फुटून जातील.

मुद्दा पटण्यासारखा वाटतो ना? उथळ पाण्यात लाटा फुटतात हे खरेच आहे. पण चक्रीवादळात माणसे मारते ती लाटांपेक्षा पाण्याची चढलेली पातळी. घरी एक प्रयोग करून पाहा. परातीत अगदी थोडे पाणी घ्या आणि एका बाजूने जोरात फुंकर मारा. पाणी पलीकडच्या काठाशी गोळा होते आणि अलीकडे परातीचा तळ उघडा पडतो. आता खोल पातेले भरून घ्या आणि तशीच फुंकर मारा. पाणी हलेल, पण पलीकडे फारसे चढणार नाही. खोल भांड्यात वरून पुढे ढकललेले पाणी तळाकडून परत येऊ शकते. उथळ भांड्यात परतीला वाटच नसते. म्हणजे क्लाइन ज्या उथळपणाला ढाल समजले, तोच शहराचा शत्रू होता.

वादळाच्या केंद्राशी हवेचा दाब कमी असतो, त्यामुळेही पाणी फुगते. पण किती? दाब १ मिलिबारने उतरला तर पाणी साधारण १ सेंटिमीटर चढते. गॅल्व्हस्टनच्या वादळात दाब ९३६ मिलिबारच्या आसपास उतरला असावा असा अंदाज आहे. नेहमीचा दाब १०१३, म्हणजे फरक ७७. त्याने पाणी पाऊण मीटर चढेल. प्रत्यक्षात ते साडेचार मीटरांहून अधिक, १५ फुटांवर चढले. बाकीचे काम वाऱ्याचे आणि उथळ तळाचे.

तो दिवस होता ८ सप्टेंबर १९००. वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र ताशी १०० मैलांची नोंद करून उडून गेले, त्यामुळे पुढचा वेग कोणी मोजलाच नाही. समुद्राकाठी सेंट मेरी अनाथाश्रम होता. तेथल्या दहा जोगिणींनी मुलांना कपडे वाळत घालायच्या दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले. इमारत कोसळली. नव्वदाहून अधिक माणसांपैकी फक्त तीन मुलगे, एका झाडाला धरून, वाचले. साऱ्या शहरात किमान ६,००० माणसे गेली. काही अंदाज ८,००० किंवा त्याहूनही अधिक सांगतात. क्लाइन वाचले, पण त्यांची पत्नी गेली.

यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. समुद्राकडच्या रांगांतली घरे पडली, त्यांचे लाकूड पाण्याने पुढे रेटत नेले आणि शेवटी मोडतोडीचा दुमजली उंचीचा बांध तयार झाला. त्या बांधाने लाटा अडवल्या म्हणून मागची घरे उभी राहिली. जी भिंत शहराने बांधली नव्हती, ती अशी स्वतःच्याच घरांची झाली.

अनेक लोक शहर सोडून गेले. पण राहिलेल्यांनी ठरवले की शहर येथेच ठेवायचे. तीन अभियंत्यांची समिती नेमली गेली. त्यांतले हेन्री मार्टिन रॉबर्ट म्हणजे सभा कशी चालवावी याच्या नियमांचे प्रसिद्ध पुस्तक लिहिणारेच गृहस्थ! समितीने १९०२ साली दोन कामे सुचवली: १७ फूट उंचीची भिंत, आणि भिंतीमागची सगळी जमीन भर घालून उंच करणे.

भिंत १९०२ ते १९०४ या काळात झाली. सव्वापाच किलोमीटरांहून थोडी लांब, पायथ्याशी १६ फूट जाड, माथ्यावर ५ फूट. समुद्राकडची बाजू सरळ नव्हे, आत वळलेली. येणारी लाट त्या वळणावरून वर चढते आणि मागे समुद्राकडे फेकली जाते. पाण्याची दिशा बदलायची म्हणजे त्याचा संवेग बदलायचा, आणि त्याची प्रतिक्रिया भिंतीवर येणारच. म्हणून भिंतीखाली खोल लाकडी खांब ठोकले आणि पायथ्याशी ग्रॅनाइटचे दगड रचले. एक किंमत मात्र पुढे मोजावी लागली. परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू उपसून नेतात, आणि भिंतीपुढची रुंद पुळण हळूहळू नाहीशी झाली.

आता खरी नवलाई. भर घालायची तर घरे आधी उचलायला हवीत. १९०३ ते १९११ या काळात दोन हजारांहून अधिक इमारती जॅकांवर चढल्या. सेंट पॅट्रिक चर्चचे वजन सुमारे ३,००० टन. त्याखाली ७०० स्क्रू-जॅक लावून ते ५ फूट उचलले, आणि आत प्रार्थना चालूच होत्या.

जरा हिशेब करू. ३,००० टन भागिले ७००, म्हणजे प्रत्येक जॅकवर सुमारे ४,३०० किलोग्रॅम भार. समजा, दांडा ६० सेंटिमीटर लांब आहे आणि मळसूत्राच्या एका फेऱ्यात जॅक १ सेंटिमीटर चढतो. दांड्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे ३७७ सेंटिमीटर फिरते. म्हणजे घर्षण नसते तर ४,३०० किलोग्रॅमला साडेअकरा किलोग्रॅमचा जोर पुरला असता! घर्षण मोठा वाटा खाते. कार्यक्षमता पाचव्या हिश्शाइतकी धरली तर ५७ किलोग्रॅम लागतील, दोन गड्यांचे काम. पण घर्षणाला नावे ठेवू नका. दांडा सोडला तरी मळसूत्र उलटे फिरत नाही ते त्याच्याचमुळे. घर्षण कमी असते तर चर्च आपोआप खाली आले असते. कठीण होते ते वेगळेच. सारे जॅक सारखेच फिरायला हवेत. एका कोपऱ्याने घाई केली की भिंतीला तडा गेलाच.

घरे अधांतरी झाल्यावर भर आली ती पाण्यातून. शहरातून कालवा खणला, गाळ उपसणारी जहाजे त्यात आणली आणि वाळूमिश्रित पाणी नळांतून वस्तीत सोडले. जड वाळू लगेच तळाशी बसे, पाणी वाहून जाई. अशी सव्वा कोटी घनमीटरच्या आसपास भर पडली. तोवर लोक लाकडी फळ्यांच्या उंच वाटांवरून बाजारात जात, मुले शाळेत जात. खाली चिखल आणि त्याचा वास. शिवाय घर उचलण्याचा खर्च घरमालकाचा. ज्यांना तो झेपला नाही, त्यांतल्या काहींनी तळमजलाच वाळूत पुरू दिला.

खाऱ्या भरीने झाडे मेली. तेव्हा शहरातल्या स्त्रियांच्या एका संघटनेने हजारो नवी झाडे लावली. त्यांत कण्हेर भरपूर, कारण ती खारे वारे सोसते. आजही गॅल्व्हस्टन कण्हेरींसाठी ओळखले जाते.

परीक्षा लवकरच झाली. ऑगस्ट १९१५ मध्ये तसेच मोठे वादळ आले. भिंतीबाहेरच्या किनाऱ्यावर शेकडो लोक मेले, पण शहरात सुमारे दहाच. मात्र त्या वेळीही पाणी मागच्या खाडीतून बाजारपेठेत शिरले होते. हा इशारा फारसा कोणी मनावर घेतला नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळाचे पाणी त्याच मागच्या दाराने आले आणि शहरातली बहुतेक घरे बुडाली. भिंत पुढे शाबूत उभी होती! मग खाडीच्या तोंडावरच प्रचंड दरवाजे बसवण्याची योजना निघाली. तिला अमेरिकी संसदेने २०२२ साली मान्यता दिली, पण त्यासाठी लागणारा पैसा अब्जावधी डॉलरांचा आहे.

आइकच्या खाऱ्या पाण्याने स्त्रियांनी लावलेल्या पिढीतली ओकची झाडेही वाळली. लोकांनी काही बुंधे तोडले नाहीत, त्यांतून कारागिरांकडून पक्षी, मासे, कुत्री कोरून घेतली. आणि अॅश्टन व्हिला नावाच्या १८५९ सालच्या वाड्यापुढे लोखंडी कुंपण आहे. ते फारच बुटके दिसते. त्याचा खालचा भाग अजून १९०० नंतरच्या वाळूत आहे.