उतार कुठे, पाणी किती? लष्करी वाटांच्या नकाशांबद्दलचे गैरसमज

३ फेब्रुवारी १७६० ची लढाई उदगीरची म्हणून प्रसिद्ध आहे. निर्णायक झुंज मात्र झाली औशाजवळ. निजामाची फौज उदगीरहून धारूरच्या रोखाने निघाली होती आणि सदाशिवरावभाऊंचे घोडदळ तिला चालता चालता घेरत होते. ही लढाई किल्ल्याची नव्हे, वाटेची. म्हणूनच तिचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: भाऊंजवळ नकाशा होता का? त्याच्या उत्तरात निम्मे गैरसमज दडलेले असतात.

‘इंग्रज येईपर्यंत आपल्याकडे नकाशेच नव्हते’ हा त्यांतला सर्वांत जुना. पेशवाईतले मोडी अक्षरांतले नकाशे आजही जपलेले आहेत. त्यांत नद्या, किल्ले, गावे आहेत; ठरावीक प्रमाण नाही, एवढेच. पण डेऱ्यात भलामोठा नकाशा पसरून सरदार त्यावर बोट फिरवत आहेत, हा सिनेमातला देखावाही तितकाच खोटा. फौज चाले ती मुक्कामांच्या यादीवर आणि हरकाऱ्यांच्या, वाटाड्यांच्या माहितीवर. १७५९ च्या सुमाराचा ‘चहार गुलशन’ हा फारसी ग्रंथ मोगल मुलखातल्या वाटांच्या अशाच याद्या देतो. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १६७६ साली छापलेल्या प्रवासवर्णनात सुरत ते गोवळकोंडा ही वाट कोसांत मांडली आहे. नांदेड त्यातला एक मुक्काम. यादीत रेघ नाही, पण काम नकाशाचेच.

कोस म्हणजे दोन मैल, हे गणित मात्र फार मनावर घेऊ नये. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मुलखागणिक कोसही बदलत असे.

दुसरा गैरसमज सुशिक्षितांचा, म्हणून जास्त चिवट. इंग्रजांनी डोंगरमाथ्यावरून दुर्बिणीने पाहून रस्ते नकाशात उतरवले, असे समजले जाते. इथे दोन वेगळ्या कामांची गल्लत होते. इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्ब्टनने १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८१५ मध्ये बीदरजवळ आधाररेषा मोजली गेली आणि तिथून त्रिकोणांची साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेला सरकली. ही रेखांशरेषा आपल्या मराठवाड्यातल्या किनवट तालुक्यातून जाते. लॅम्ब्टन वाटेतच, १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याच्या अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटने मोजले गेले ते कोन, रस्ते नव्हेत.

रस्ता मोजला गेला चालून. माणूस दांड्याला धरून एक मोठे चाक ढकलत जाई. चाकाचे फेरे तबकडीवर मोजले जात. सोबतचा अधिकारी प्रत्येक वळणावर होकायंत्राने दिशा घेई आणि वहीत टिपे: डावीकडे अमुक गाव, उजवीकडे देवळाचे शिखर, पुढे ओढा. रात्री ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे आणि मुक्कामी बसून दिवसाची मजल कागदावर चढवायची. चाक खड्ड्यात उतरते, दगडावर चढते, म्हणून अंतर नेहमी थोडे जास्तच भरते. दिशेतली बारीक चूक प्रत्येक वळणाला वाढत जाते. मग एखादे ठिकाण त्रिकोणांनी पक्के झालेले असले, की अख्खी वाट ओढूनताणून त्या बिंदूला जुळवायची. त्रिकोण म्हणजे खुंट्या आणि चाकाची वाट म्हणजे त्यांवर ताणलेली दोरी.

क्रमही आपण समजतो त्याच्या उलटा आहे. चाक आधी आले, त्रिकोण नंतर. कॉलिन मॅकेन्झी १७९० च्या दशकातच निजामाच्या मुलखात सर्वेक्षण करत होता. पुढे १८१५ मध्ये तो भारताचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला.

आता तिसरा: लष्करी नकाशा म्हणजे रस्त्यांचा नकाशा. आपल्या काळ्या रेगडीत पावसाळ्यात बैलगाडी रुतते, तिथे तोफेचे काय होणार? दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमा निघत, त्यामागे हेही कारण होते. त्यामुळे सेनापतीला रेघेपेक्षा शेरे महत्त्वाचे. मांजरेला उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, कुठे, गोदावरीला नाव मिळेल का, छावणीजोगे माळरान आहे का, विहिरी किती, दाणावैरण कुठल्या बाजारात. घाट चढून बालाघाटावर तोफा जातील की फक्त घोडी, हा प्रश्न तर सगळ्यात मोठा. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, जालना इथल्या छावण्यांमधून पलटणी हलायच्या त्या याच हिशेबावर. हैदराबाद संस्थानावरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईत उताराची जागा पुलाने घेतली होती: १३ सप्टेंबरला, ऐन पावसाळ्यात, सोलापूरकडून आलेल्या भारतीय सैन्याने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती घेतला, म्हणून रणगाडे पुढे जाऊ शकले.

‘असले नकाशे गुप्त असतात, आपल्याला कोण देणार?’ हा शेवटचा समज आता अर्धाच खरा आहे. २००५ च्या धोरणाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटच्या दोन मालिका झाल्या. लष्करासाठीची वेगळी, आणि ओपन सिरीज सर्वांसाठी. जुन्या क्रमांकांनुसार लातूर शहर ५६ बी/११ वर येते, नांदेड ५६ ई/८ वर. आपल्या भागाचे पत्रक मिळवा, घरातल्या थोरल्या माणसाला पूल होण्याआधीचा नदीचा उतार कुठे होता ते विचारा, आणि ती जागा त्यावर शोधून पाहा.