गोलाकार तारकागुच्छांचे छायाचित्रण
गोलाकार तारकागुच्छांचे छायाचित्रण हा खगोलीय छायाचित्रणाचा एक प्रकार आहे. शौरी तारकासमूहातील मेसिए १३ हा त्यासाठी नेहमी निवडला जाणारा गुच्छ होय. इ.स. १७१४ मध्ये एडमंड हॅली यांनी शोधलेल्या या गुच्छात काही लाख तारे असून तो सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर आहे. केंद्रात ताऱ्यांची दाटी असल्याने दीर्घ एक्स्पोजरमध्ये तो भाग पांढराफटक होतो, तर अल्प एक्स्पोजरमध्ये कडेचे मंद तारे उमटत नाहीत. म्हणून दोन्ही प्रकारची अनेक छायाचित्रे घेतात. संगणकावर ती ताऱ्यांच्या स्थानांनुसार जुळवून एकत्र करतात. त्यामुळे चित्रातील रवाळपणा कमी होतो. कमाल मर्यादेपलीकडे प्रकाश नोंदला गेल्यास ताऱ्यांचे तांबूस-निळसर रंग नष्ट होतात व कोणत्याही प्रक्रियेने ते परत मिळत नाहीत.