महाविद्यालयीन माहितीसाठ्याची सुरक्षितता : हार्डवेअर रेड की सॉफ्टवेअर रेड?

प्रस्तावना : पनवेलजवळील कोनसारख्या परिसरातील महाविद्यालयात प्रवेशनोंदी, अंतर्गत गुण व वेतनपत्रके पुष्कळदा एकाच सर्व्हरवर असतात. त्यातील हार्ड डिस्क केव्हा ना केव्हा बंद पडणारच. यासाठी बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याची ‘रेड’ ही संकल्पना मांडली. रेड-१ मध्ये दोन डिस्कवर एकच माहिती असते. रेड-५ मध्ये ४ टेराबाइटच्या चार डिस्कमधून १२ टेराबाइट जागा मिळते. उरलेल्या जागेतील पॅरिटीवरून कोणत्याही एका बंद डिस्कमधील माहिती पुन्हा काढता येते.

पर्यायांचा विचार : हे काम हार्डवेअर पद्धतीत स्वतंत्र कंट्रोलर कार्ड करते, तर सॉफ्टवेअर पद्धतीत कार्यप्रणाली. प्रोसेसर मंद होते तेव्हा कार्ड घेणे रास्तच होते. आज ही आकडेमोड प्रोसेसरला जड नाही. कार्डाची खरी जमेची बाजू म्हणजे बॅटरीवर चालणारी कॅशे. वीज अचानक गेल्यास लिहावयाची राहिलेली माहिती तीत टिकते. सॉफ्टवेअर रेड-५ मध्ये अशा वेळी माहिती व पॅरिटी यांत विसंगती राहू शकते. कोकणातील पावसाळा पाहता हा आक्षेप किरकोळ नव्हे. तथापि यूपीएस आणि सर्व्हर वेळीच आपोआप बंद करण्याची सोय यांमुळे तो बराच निवळतो. यूपीएस तर कार्ड घेतले तरी लागतेच!

कार्ड बिघडल्यास मात्र डिस्क सुस्थितीत असूनही माहिती हाती येत नाही. बहुधा त्याच उत्पादकाचे अनुरूप कार्ड लागते. सात-आठ वर्षांनी ते मिळेलच असे नाही. मिळाले तरी दरपत्रके, तुलनात्मक तक्ता व समितीची मंजुरी यांत परीक्षेचा हंगाम उलटून जातो. लिनक्समधील सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क दुसऱ्या साध्या संगणकाला जोडून ‘एमडीएडीएम’ या आज्ञेने संच पुन्हा उभा करता येतो. म्हणूनच, स्वतंत्र तंत्रज्ञ व राखीव कार्ड नसलेल्या महाविद्यालयाने लिनक्सवरील रेड-१ स्वीकारावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मदरबोर्डवर फुकट मिळणाऱ्या ‘रेड’ने भुलू नये, तेथे काम प्रोसेसरच करतो आणि अवलंबित्व मात्र उत्पादकावर राहते.

मर्यादा : चुकून पुसलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून तत्परतेने पुसते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीसारखे पाणी तळमजल्यावर शिरले, तर दोन्ही डिस्क एकत्रच बुडतील. त्यामुळे वेगळ्या डिस्कवर नियमित प्रत घेऊन ती दुसऱ्या इमारतीत, वरच्या मजल्यावर ठेवावी आणि सत्रातून एकदा तरी ती उघडून पाहावी.