निरगांठ आणि सुरगांठ

मराठींत निरगांठ आणि सुरगांठ असे दोन शब्द आहेत. ओढली तरी जी सुटत नाहीं ती निरगांठ. शेंडा ओढतांच जी मोकळी होते ती सुरगांठ. चांगल्या गांठीच्या अंगीं हे दोन्ही गुण असावे लागतात. भार असेतोंपर्यंत तिनें सरकूं नये, आणि काम संपल्यावर सोडविण्यासाठीं कोयता मागूं नये.

गांठ धरते ती घर्षणानें. धक्क्यावरील खुंटास दोराचा वेढा दिला म्हणजे मचव्याची सारी ओढ हातापर्यंत येत नाहीं. घर्षणाचा गुणक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्यानें हाताचें बळ सुमारें ६.५ पट होतें, आणि दोन वेढ्यांनीं सुमारें ४३ पट. एकटा खलाशी भरलेला मचवा आवरतो तो याच बळावर. म्हणून खुंटास आधीं दोन वेढे द्यावे, आणि मग शेंड्याचे दोन अर्धे फांस ताणलेल्या दोरावर अडकवावे. हें बंधन दोरावर ताण असतांही सोडवितां येतें. भरतीच्या वेळीं मात्र दोरास पुरेशी ढील ठेवावी. मुंबईच्या बंदरांत उधाणाच्या दिवशीं पाणी ४ मीटरांहूनही अधिक उतरतें, आणि आंखूड बांधलेली होडी ओहोटीस धक्क्याशीं लोंबकळूं लागते.

गांठोडें किंवा जखमेवरील पट्टी बांधण्यास चपटी गांठ उत्तम. इंग्रजींत हिला रीफ नॉट म्हणतात. श्रोत्यांनीं दोन हात सुतळी घेऊन पहावें. उजवा शेंडा डाव्यावरून नेऊन खालून काढावा. तोच शेंडा आतां डाव्या हातीं आलेला असतो, तो उजव्यावरून नेऊन पुन्हा खालून काढावा. दोन्ही वेळां एकाच बाजूनें वळण दिलें, तर शेंडे आडवे उभे राहतात व गांठ सरकते. बरोबर बांधलेली चपटी गांठही दोन दोर जोडण्यास वापरूं नये. अमेरिकन लेखक क्लिफर्ड ॲश्ले यानें १९४४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या गांठींच्या बृहद्ग्रंथांत याविषयीं कडक इशारा दिला आहे. या दुरुपयोगानें अनेकांचे प्राण गेले, असें तो सांगतो.

दोर जोडण्यास विणकरांची गांठ घ्यावी. जाड दोर दुमडून त्याची घडी करावी. बारीक दोराचा शेंडा घडींतून खालून वर आणावा, घडीच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवावा आणि स्वतःच्याच दोराखालून काढून आवळावा. मासे धरण्याचीं जाळींही याच गांठीनें विणतात.

सर्वांत मोलाची गांठ बोलाइन. एखादें मूल विहिरींत पडलें, तर घाईंत सरकता फांस सोडला जातो. वर ओढतांना तोच फांस छाती आवळून श्वास कोंडतो. बोलाइनचा फांस आवळत नाहीं. शेंड्याकडील भाग मुख्य दोरावर ठेवून एक लहान वळें करावें. शेंडा कमरेभोंवतीं अगर काखेखालून फिरवून त्या वळ्यांतून खालून वर काढावा, मुख्य दोराच्या मागून न्यावा, आणि त्याच वळ्यांत वरून खालीं घालून आवळावा.

दोन गोष्टी ध्यानांत असाव्या. गांठीच्या तीक्ष्ण वळणांत तंतूंवर सारखा भार पडत नाहीं, म्हणून प्रत्येक गांठ दोराची शक्ति कमी करते. साधी एकेरी गांठ तर ती जवळजवळ निम्म्यावर आणते. दुसरें असें कीं, १९३५ सालीं प्रथम तयार झालेला नायलॉन आतां होड्यांवर सर्रास आहे, आणि तो काथ्यापेक्षां गुळगुळीत असल्यामुळें त्यांत गांठ ढिली होते. अशा दोरांत शेंडा वीतभर लांब ठेवून त्याचा एक जादा फांस मुख्य दोरावर घालावा.

संकटाच्या वेळीं पुस्तक उघडण्यास सवड नसते. घरांतील मुलांनीं या चार गांठी प्रथम उजेडांत, नंतर डोळे मिटून, आणि शेवटीं ओल्या हातांनीं बांधून पहाव्या. रात्रीं विहिरीच्या कांठीं दोर हातांत घेणारास तोच सराव उपयोगीं पडेल.